पट, सोंग आणि सूत्रधार

नौपाड्यात गोखले रस्त्याच्या मागील अंगास आमचे बिऱ्हाड आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत घरची व शेजारची मिळून पाच मुले रोज दुपारी आमच्या जेवणाच्या मेजाभोवती बसत. मेजावर ठाण्याच्या खाडीचा हाताने काढलेला नकाशा, चार, आठ, बारा, वीस अशा नाना पैलूंचे फासे, आणि प्रत्येकापुढे पेन्सिलीने भरलेला एकेक कागद, एवढीच काय ती सामग्री. सोंगट्या सरकत नव्हत्या, पत्ते पडत नव्हते. मुले नुसती बोलत होती. एक म्हणे, "मी कळव्याचा नावाडी. काळोख पडला की होडी सोडतो." दुसरा विचारी, "मी तटावरच्या पहाऱ्यात आहे. मला होडी दिसते का?" मग सर्वांचे डोळे आमच्या पुतणीकडे वळत. तिने स्वतः कोणाचेच सोंग घेतले नव्हते. ती क्षणभर विचार करी, फासा टाकी किंवा टाकावयास सांगे, आणि पडलेल्या दानाप्रमाणे पुढची हकीकत सांगे.

आमच्या वडील बंधूंस हा प्रकार मुळीच रुचला नाही. बुद्धिबळात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी पुतणीस विचारले, "यात जिंकायचे कोणी?"

"कोणीच नाही, मोठेकाका."

"मग डाव संपतो कधी?"

"गोष्ट संपली की."

बंधू मान हलवीत आत निघून गेले. ज्यात हार नाही आणि जीत नाही तो खेळ कसला, हा त्यांचा आक्षेप आम्हांसही त्या वेळी बिनतोड वाटला. परंतु पुढे कुतूहलाने या खेळाची कुळकथा पाहू लागलो, तेव्हा घरात शिरलेला हा पाहुणा अगदीच परका नाही, किंबहुना त्याच्या अंगावरची कित्येक वस्त्रे आपल्याच पेटीत पूर्वी होती, असे आमच्या ध्यानात आले. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी एवढाच या लेखाचा हेतू.

या खेळाची जन्मभूमी अमेरिका. १९७४ सालच्या जानेवारीत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांच्या नावावर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. एका पेटीत तीन लहान पुस्तिका, आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या १०००. पटाची जरुरी नाही. प्रत्येक गडी एक पात्र कल्पितो. त्याचे बळ किती, बुद्धी किती, चापल्य किती, हे आकड्यांनी एका कागदावर मांडतो. एकजण पंच होतो. तो प्रसंग सांगतो. गडी आपले पात्र काय करील ते सांगतात. आणि जे साधेल की फसेल याविषयी संशय असेल तेथे फासा कौल देतो. इंग्रजीत यास 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. आम्ही यास 'सोंगाचा खेळ' म्हणणार. सोंग या शब्दास बोलण्यात ढोंगाचा वास येतो खरा. तथापि दशावतारी नटाच्या व बहुरूप्याच्या धंद्यात तो शब्द मानाचा आहे, आणि येथे तोच अर्थ अभिप्रेत आहे.

पण १९७४ ही झाली बारशाची तारीख. गर्भ पुष्कळ जुना आहे, आणि तो लष्करी छावणीत वाढलेला आहे. प्रशियातील राइसवित्स नावाच्या एका सरदाराने १८१२ साली राजासाठी युद्धाचा खेळ सिद्ध केला. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अंमलदार होता, तो खेळ सुधारून १८२४ साली त्याचे नियम छापले. बुद्धिबळात दोन्ही दळे उघड्यावर असतात. राइसवित्साने ही सोय काढून टाकली. पट म्हणून त्याने खऱ्या मुलुखाचा नकाशा घेतला. दोन पक्षांनी आपले हुकूम लिहून पंचाकडे द्यावयाचे, आणि ज्याच्या सैन्यास जेवढे दिसणे शक्य तेवढेच पंचाने त्यास दाखवावयाचे. एका पाळीत दोन मिनिटांचा काळ लोटला असे धरीत. गोळीबारात किती माणसे पडली हे कोष्टके व फासे सांगत. खेळाच्या इतिहासात ही मोठीच क्रांती होय. कारण यापूर्वी खेळणारास सर्व दिसत असे, आता त्यास माणसाइतकेच दिसू लागले.

या खेळाने लष्करात एक वादही निर्माण केला. कोष्टके आणि फासे यांच्या ओझ्याखाली खेळ मंद चालतो, अशी तक्रार होऊ लागली. १८७६ साली फर्दी द्यु वेर्न्वा नावाच्या प्रशियन सेनानीने उपाय सुचविला की, नियमांचे पुस्तक मिटावे आणि अनुभवी पंचाने आपल्या अकलेने निर्णय द्यावा. नियम थोर की न्यायाधीश थोर, हा तो वाद. तो त्या वेळी मिटला नाही. पुढे आमच्या मेजावरही तो उभा राहिला, ते ओघाने सांगू.

हे बीज अमेरिकेत कसे रुजले तेही पाहण्याजोगे आहे. तेथील टॉटन नावाच्या लष्करी अंमलदाराने १८८० साली 'स्ट्रॅटेगॉस' हे युद्धखेळाचे पुस्तक लिहिले. त्यातही पंचास मोठा अधिकार होता. जवळजवळ ९० वर्षांनी मिनेसोटा प्रांतातील डेव्हिड वेसली या तरुणाच्या हाती ते पडले. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याने नेपोलियनच्या काळातील ब्राउनश्टाइन नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव कल्पिले आणि मित्रांना सैन्याऐवजी एकेक माणूस वाटून दिला. कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यार्थी. लढाई सुरू होण्यापूर्वीच ही पात्रे एकमेकांशी कुजबुजू लागली, कट करू लागली. सर्व गोंधळ माजला. वेसलीस वाटले, प्रयोग फसला. मित्र म्हणाले, पुन्हा खेळू. त्या मित्रांत आर्नेसन होता. त्याने हा प्रकार राक्षस, भुयारे व जादूगार यांच्या अद्भुत सृष्टीत नेला. गायगॅक्सने त्यास नियमांचे हाडपेर दिले. आणि वर सांगितलेली पेटी बाजारात आली.

म्हणजे या खेळाचे घटक तीन: पट व फासा हा एक, सोंग हा दुसरा, आणि दोहोंवर नजर ठेवणारा पंच हा तिसरा. आता आपल्या घरी काय होते ते पाहू.

फाशांविषयी आपल्या देशास कोणी काही शिकवावे अशी स्थिती नाही. मोहेंजोदडोच्या उत्खननात घनाकार फासे निघाले आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात द्यूतकाराच्या दुर्दशेचे एक संपूर्ण सूक्त आहे. आणि भारती युद्धाचे मूळ तर फाशांतच सापडते. परंतु प्रस्तुत विषयास सर्वांत जवळचा पट म्हणजे मोक्षपट अथवा ज्ञानचौपड. महाराष्ट्रातील परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वर महाराजांस देते. ज्ञानेश्वरांच्या ग्रंथांत मात्र त्याचा आधार नाही, तेव्हा ही श्रद्धेची गोष्ट समजावी. पश्चिम हिंदुस्थानातील या खेळावर याकोब श्मिट-माद्सेन यांनी २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठात एक सबंध प्रबंध लिहिला आहे, यावरून विषयाची योग्यता कळेल.

वैष्णवांचे पट बहुधा ७२ घरांचे, जैनांचे ८४ घरांचे. घरांवर नुसते आकडे नसत, नावे असत: माया, क्रोध, दया, विवेक, गंगा, यमुना. त्यांतील ७२ घरांच्या एका प्रचलित पटाची रचना पाहता रचणाराच्या बुद्धीचे कौतुक वाटते. वैकुंठ शेवटच्या घरात नाही. ते ६८व्या घरात आहे. दान जास्त पडले तर गडी वैकुंठ ओलांडून पुढे जातो, आणि ७२व्या घरात तमोगुणाचा सर्प त्यास खाली ओढण्यास बसलेला असतो. तसेच ५४वे घर भक्तीचे. तेथून शिडी थेट वैकुंठास पोहोचते. आणि त्यास लागूनच, एका दानाच्या अंतरावर, ५५वे घर अहंकाराचे! भक्तीचा शेजार अहंकारास दिला, यात एक संपूर्ण कीर्तन सामावलेले आहे. आणि ते पुराणिकाने सांगावे न लागता एका कवडीच्या फरकाने खेळणारास स्वतः अनुभवावे लागते.

हा पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला. प्रथम त्यावर तेथील सद्गुण व दुर्गुण लिहिले जात. हळूहळू शब्द पुसट झाले आणि साप, शिड्या व आकडे एवढेच उरले. १९४३ साली अमेरिकेत तर सापही गेले आणि घसरगुंड्या आल्या. आपल्या घरोघरी असलेली छापील सापशिडी ही परदेशची वारी करून परत आलेली आपलीच मुलगी होय. फक्त ती मुकी होऊन परत आली.

दुसरा घटक सोंगाचा. यासाठी दक्षिण कोकणात उतरले पाहिजे. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी रंगविलेली दशावतारी गंजिफा १२० पानांची. दहा अवतारांची दहा घराणी, प्रत्येकात बारा पाने. दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हाती रामाचा राजा त्याची उतारी. रात्री मांडला तर कृष्णाचा राजा असेल त्याची. ज्या मुलुखात अवतार असे पानांवर बसून हाती येतात, त्याच मुलुखात ते पायांत घुंगरू बांधून देवळाच्या आवारातही उतरतात. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर अशा मंडळ्या जत्रेच्या हंगामात पेटारा घेऊन गावोगाव हिंडतात. आरंभी गणपती, रिद्धिसिद्धी, सरस्वती, आणि वेद चोरणारा संकासूर ही ठराविक पात्रे येऊन जातात. त्यानंतर पहाटेपर्यंत पुराणातील आख्यान चालते. या आख्यानास लिहिलेली संहिता नसते. कथा कोणती व कोणाकडे कोणते सोंग एवढे ठरते, आणि मग नट ऐन रंगणात, समोरच्याच्या बोलण्यास उत्तर म्हणून, आपली भाषणे रचीत जातो. तोंडपाठ वाक्य विसरण्याचे भय नाही; पण शब्द सुचला नाही तर कोणी वाचवावयासही नाही.

हीच रीत मराठी रंगभूमीच्या पाळण्यातही होती. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा सूत्रधार पदे म्हणून कथा पुढे नेई आणि पात्रे आपापली भाषणे ऐनवेळी जुळवून बोलत. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की, येथे आपल्यास तिसरा घटकही सापडला. सर्व वेळ रंगभूमीवर उभा असलेला, प्रसंग मांडणारा, पात्रांस आत बोलावणारा व बाहेर धाडणारा हा सूत्रधार, आणि मेजाच्या शेवटाशी बसलेली आमची पुतणी, यांच्या कामात विलक्षण साम्य आहे. अमेरिकन पुस्तिकांत या अधिकाऱ्यास जे नाव दिले आहे त्यापेक्षा आपला 'सूत्रधार' हा शब्द शतपट नेमका आहे, असे आम्हांस वाटते.

तीनही वस्तू घरात असून त्या एकत्र का आल्या नाहीत? आमच्या मते त्याचे कारण असे. मोक्षपटात शब्द होते, परंतु गड्यास निवड नव्हती. दान पडेल तेथे जावयाचे. भक्ती करू की न करू असे त्यास कोणी विचारीत नसे. दशावतारात नटाच्या जिभेस मोकळीक होती, परंतु शेवट ठरलेला. रावणाने कितीही बिनतोड युक्तिवाद केला तरी पहाटेस त्यास मेलेच पाहिजे. एकीकडे दैव सारे ठरवी, दुसरीकडे पुराण. सोंग घेणाराने स्वतः मार्ग निवडावा आणि त्या निवडीचा परिणाम सूत्रधारासही आगाऊ ठाऊक नसावा, ही कल्पना मात्र खरोखरच नवी आहे. तिचे श्रेय ज्यांचे त्यांस दिले पाहिजे. आपल्याकडे सर्व काही पूर्वीच होते अशी फुशारकी मारणे आम्हांस मान्य नाही.

आणखी एक गोष्ट घडली. युद्धखेळ पंचाच्या हाती मोकळा होण्याच्या बेतात असताना आपली रंगभूमी उलट दिशेने निघाली होती. १८६१ साली वि. ज. कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे लिहिलेले, छापलेले गद्य नाटक आले. ऐनवेळी बोलणाऱ्या जुन्या नाटकांस लोक, त्यांतील राक्षसांच्या आरोळ्यांवरून, थट्टेने 'अललडुर्र' म्हणू लागले. शब्द नाटककाराच्या स्वाधीन झाला. यात रंगभूमीचा लाभच झाला, हे कोण नाकारील? नौपाड्यापासून चार पावलांवर मासुंदा तलावाकाठी ज्यांच्या नावाचे रंगायतन उभे आहे, त्या गडकऱ्यांच्या वाक्यातील एक शब्द इकडचा तिकडे केलेला आपणांस खपत नाही, आणि खपू नयेच. परंतु लाभाबरोबर थोडी हानीही झाली. तयार नसलेले वाक्य चारचौघांत उभे राहून, दुसऱ्याच्या भूमिकेतून, जबाबदारीने बोलण्याची कला सुशिक्षित घरांतून गेली. ती कोकणातल्या जत्रांत राहिली, आणि मुलांच्या भातुकलीत राहिली. पटावरचे शब्द गेले, तोंडातला शब्दही गेला. आता तो परदेशी पेटीतून फाशांसह परत आला आहे.

येथवर आल्यावर आम्ही पुतणीच्या डावाकडे नव्या दृष्टीने पाहू लागलो. तिने राक्षस व भुयारे टाकून १७३७ सालचे ठाणे घेतले होते. त्या वर्षी मराठ्यांनी खाडी ओलांडून ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांपासून घेतला; किल्ल्याचे बांधकाम त्या वेळी पुरे झाले नव्हते. आज त्याच तटाच्या आत मध्यवर्ती कारागृह आहे. मुलांनी घेतलेली सोंगे अशी: कळव्याचा नावाडी, अणजूरच्या नाइकांचा निरोप्या, एक मराठा शिलेदार, आणि तटावर पोर्तुगीजांच्या चाकरीत असलेला स्थानिक पहारेकरी. प्रत्येकाच्या कागदावर बळ व बुद्धी यांचे आकडे तिने ठेवले नव्हते. तीन ओळी होत्या: यास काय चांगले येते, यास भय कशाचे, आणि हा कोणाचे देणे लागतो. पहारेकऱ्याची तिसरी ओळ दोन धन्यांची होती. मोक्षपटाच्या घरांवरचे शब्द नकळत या कागदांवर उतरले होते.

आम्ही विचारले, "भरती-ओहोटीसाठी फासा कोणता?"

ती म्हणाली, "त्याला फासा नाही, काका. भरतीची वेळ ठरलेली असते आणि नावाड्याला ती माहीत असते. जे कोणालाच माहीत नाही, त्याच्यासाठीच फासा टाकायचा."

राइसवित्साने कोष्टकांची पाने भरून जे सांगितले त्याचे सार या उत्तरात आहे, असे आम्हांस वाटले. खेळ रचणे म्हणजे नियम वाढविणे नव्हे. कोठे माणसाचे ज्ञान चालते, कोठे त्याची इच्छा चालते आणि कोठे दोन्ही थांबतात, त्या सीमा आखणे होय.

शेवटच्या आठवड्यात हल्ल्याची रात्र आली. नावाडी शिलेदारास घेऊन निघाला. होडी पहाऱ्यास दिसते की काय, याचा फासा पुतणीने उभ्या वहीच्या आड टाकला. तो तिला आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या आम्हांलाच दिसला. वीस पैलूंच्या फाशावर एक! याहून वाईट दान नाही. शिलेदार झालेला शेजारचा मुलगा पुढे सरसावून बसला होता. तो म्हणाला, "पोचलोच आपण. इतिहासात तर आपणच जिंकलो!" पुतणीने मागे वळून आमच्याकडे पाहिले. प्रश्न स्पष्ट होता. दान वहीआड होते. तिने वेगळे सांगितले असते तर कोणास कळणार नव्हते. खरे सांगावयाचे तर आम्ही मानेने 'सांग' अशी खूण केली. मराठ्यांची होडी आमच्या जेवणाच्या मेजावर बुडावी हे आम्हांस सोसवेना.

तिने फासा उचलून सर्वांपुढे ठेवला. "दान पडले ते पडले. तटावर मशाल उठली, गोळी आली, होडीला भोक पडले. आता तू काय करतोस?"

मुलगा रडवेला झाला. मेजावर बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर तो हळूच म्हणाला, "मी नावाड्याला धरून पोहतो." आणि पहारेकरी झालेली मुलगी, जिच्या कागदावर दोन धन्यांचे देणे होते, म्हणाली, "मी मशाल दुसरीकडे फिरवते." डाव पुढे चार दिवस चालला. किल्ला त्या रात्री पडला नाही.

प्रशियन सेनानींचा वाद आमच्या मनात येथे मिटला. सूत्रधारास पाहिजे तितकी मोकळीक द्यावी. परंतु जो सूत्रधार आपल्या आवडत्या शेवटासाठी दान लपवितो, त्याच्या गड्यांच्या निवडीस काही किंमत राहत नाही. आणि इतिहासाचे वाचक म्हणून आम्ही जन्मभर हेच करीत आलो आहो, हेही त्या दुपारी उमगले. निकाल आम्हांस ठाऊक असतो. म्हणून विजय ठरलेलाच होता अशा थाटात आम्ही तो वाचतो, आणि ज्यांनी तो मिळविला त्यांचे धैर्य आपल्याच हाताने कमी करतो. १७३७ साली काळोखात खाडीवर असलेल्या माणसांस आपण जिंकणार आहो हे कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या पुढेही तोच प्रश्न होता, आणि उत्तर देण्यास तितकाच थोडा वेळ होता.

वडील बंधूंस आम्ही ही सारी हकीकत सांगितली. ते काही बोलले नाहीत. सुटीच्या अखेरच्या दिवशी मुले कागद आवरीत असताना ते बुद्धिबळाचा पट काखेत घेऊन बाहेर आले, क्षणभर नकाशाकडे पाहत उभे राहिले, आणि पुतणीस म्हणाले, "दिवाळीत मांडशील तेव्हा त्या अपुऱ्या बुरुजावरच्या गवंड्याचे सोंग कोणाला देऊ नको. ते माझे."